कापलेला ठसका

मसाल्याची जाहिरात करायची असेल ना, तर आधी मला विचारा. घणसोली गावातल्या ताईकाकू घरी आगरी मसाला करून विकतात. त्या माझ्या पहिल्याच क्लायंट. ही जाहिरात आपटली असती तर मी परत नोकरी शोधायला निघालो असतो, म्हणून अगदी जीव ओतला. भाड्याने भारी कॅमेरा आणला, लाइट लावले, अंगणात मिरच्या भाजणाऱ्या बायका स्लो मोशनमध्ये घेतल्या. शूटिंगला सगळेच खोकून बेजार. एडिटिंगला बसून मी एकूण एक ठसका कापला आणि वर छान बासरी टाकली.

आठवडाभर जाहिरात चालवली. लाइक आले, ऑर्डर एकही नाही.

काकूंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरून व्हिडिओ पाहिला. "आरं, मिरची भाजतान आन कोनी खोकत कसा नाय?"

"ते मी कापलं काकू. साउंड खराब होत होता."

"ठसका कापलास? मंग लोकांना कलंल कसा, मसाला खरा हाय त्यो?"

बासरी काढली, सगळे ठसके परत घातले, माझेसुद्धा. चार दिवसांत काकूंचा मसाला संपला.

पेढे घेऊन गेलो, तर अंगणात नव्या मिरच्या निवडणं चाललं होतं. पाया पडलो आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"काय झाला रं?"

"काही नाही काकू, मिरची लागली डोळ्यांना."

काकू हसल्या. "आरं, चूल तं अजून पेटवलीच नाय!"