मायची विहीर

मोहाडीच्या बसस्टँडवर, मागच्या बाकावर एक नात आजीला विचारत होती.

“बुद्धाची दीक्षा घेतली म्हणून गावानं विहीर बंद केली?”

“हो, भावना. मंग माझ्या मायनं आपल्याच वावरात विहीर खोदाले घेतली.”

“एकटीनं?”

“पहिले एकटीनं, मंग सारी वस्ती आली. खडक लागला, हात फुटले. लोक म्हणत, जुन्या देवाले हात जोड, गावची विहीर खुली करतो.”

“मंग?”

“माय म्हणे, आता माघारी येत नाही. भर उन्हाळ्यात पाणी लागलं.”

“अन् गाववाले?”

“पुढच्या साली त्यांचीच विहीर आटली. त्यांच्या बाया घागरी घेऊन आमच्या विहिरीपासून दूर उभ्या राहिल्या.”

“तिनं हाकलून देलं असन.”

“कायले? दोर त्यांच्या हातात देला. म्हणे, जवळ या, आपल्या हातानं काढा.”