पावन्याची गाडी

(इस्लामपूर. भर दुपार. वीरधवलच्या घराचा सोपा. टीव्ही फुटून खाली पडलाय. लालासाहेबच्या हातात लोखंडी पाना.)

संयोगिता : दादा, सोड त्यांनला! कानातनं रगात याय लागलंय.

लालासाहेब : येऊ दे. तू बाजूला हो, संयोगिता. माज्या पोरीचं किती रगात गेलं ठावं हाय तुला?

संयोगिता : प्रियू कशी हाय? फोनवर तू नुसतं लागलंय म्हनलास.

लालासाहेब : डावा पाय काढला आज सकाळी. गुडघ्याच्या वरनं.

संयोगिता : आई गं! फुडच्या म्हैन्यात पोलीस भरतीचं मैदान हुतं की तिचं!

लालासाहेब : आता कसलं मैदान? सुदीवर आल्यावर पैलं काय इच्यारलं ठावं हाय? "पप्पा, माजं बूट कुठं हायत?" काय सांगू म्या तिला?

वीरधवल : पावनं, तुमचं दुख कळतंय मला. पर गाडी तुमी चालवत हुता. त्यात माजा काय...

लालासाहेब : ह्यो घे, तुजा काय त्यो!

वीरधवल : आयायायी! हात मोडला माजा!

लालासाहेब : एकच मोडलाय अजून. खंबाटकीचा बोगदा वलांडला, उतार लागला, ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. म्होरं ट्रेलर हुबा. स्टेरिंग वडलं, तर तिचीच बाजू आत घुसली. माज्या अंगाला वरखडा न्हाई. जित्ता ऱ्हायलो, त्यो तुज्यासाठनं.

वीरधवल : आवं-जावं सोडलंत व्हय? तुमच्या घरचा जावई हाय मी.

लालासाहेब : जावई हायस म्हनून टकुरं शाबूत हाय.

संयोगिता : दादा, त्यो पाना टाक खाली. पाया पडते तुज्या. जुनी गाडी ती. कुनाच्याबी हातात असती तरी...

लालासाहेब : जुनी हुती म्हनूनच सांगाय पायजे हुतं! काल दवाखान्यातनं सांगलीच्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला म्या. गाडीचा नंबर सांगितला. त्यो म्हनला, "गौरी-गणपतीच्या टायमाला आलती. ब्रेकचं समदं काम नवं करा, तवर चालवू नका, असं मालकाला सांगितलं. मालक न्हाई म्हनलं आन गाडी घिऊन गेलं."

वीरधवल : बिल वाढवाय तसंच सांगत्यात ती! आन तुमी तरी कुठं इच्यारलं? जुनी गाडी घेताना मानूस सर्व्हिसचं कागद बगतोय. मागितलं असतं तर दिलं असतं. निम्म्या किमतीत घेताना तर लय ग्वाड लागली.

लालासाहेब : भनीच्या नवऱ्याला कागद मागू? बाजारातल्या म्हशीचं दात बगत्यात रं, भनीच्या दावनीचं न्हाई बगत. मिल्ट्रीत सतरा वर्सं गाड्या चालवल्या. कर्नलसाबची जीप असली तरी चेकिंग केल्याबिगर गेटाभाईर काढली न्हाई. आन तुज्या दारात नुसता नारळ फोडला आन पोरीला शेजारी बसवलं! लय मोठा गाढव मी. पर तू कोन?

वीरधवल : नको, नको... पायावर नको!

संयोगिता : दादा! बास! ह्यांनला काय झालं तर मी कुठं जाऊ? ठावं असतं तर दिली असती का त्यांनी तुला? प्रियूला अंगाखांद्यावर खेळवलंय त्यांनी. आवं, सांगा की दादाला, ठावं नव्हतं म्हनून!

वीरधवल : नव्हतं. द्येवाशप्पत नव्हतं.

लालासाहेब : द्येवाची नको. जयराजची घे. तुज्या पोराची.

वीरधवल : पोराला कशाला मदी आनताय?

संयोगिता : घ्या की. खरं हाय तर घ्या.

वीरधवल : तू गप गं.

संयोगिता : आवं... गौरीपसनंच तुमी आमाला गाडीत बसू देत नव्हता.

वीरधवल : पेट्रोल म्हाग झालंय म्हनून...

संयोगिता : जयराज तापानं फनफनला हुता. गाडी दारात हुबी. तरी भर पावसात त्याला यष्टीनं न्हेला सांगलीला. मी तुमाला कंजूस म्हनले, नाय नाय ते बोलले. तुमी मुकाट ऐकून घेतलं. तुमाला ठावं हुतं.

वीरधवल : ऐक माजं. बाजारात कुनी गाडीला हात लावंना. जो त्यो कागद मागतोय. मला वाटलं, दादा मिल्ट्रीचा मानूस, घेतल्यावर बगून घील समदं.

संयोगिता : आन न्हाई बगितलं तर?

वीरधवल : परका असता तर कोर्टात खेचलं असतं मला त्यानं. घरचा मानूस काय, चार शिव्या दिल्या आन गप बसला.

लालासाहेब : ऐकलंस? सरक आता.

वीरधवल : संयोगिता, हात सोडू नको माजा! अगं ए!

संयोगिता : सरकले. दादा, पोरगं शाळंतनं यील एवढ्यात. मी त्याला शेजारच्या बयाबाईंच्याकडं बसवते. दार भाईरनं वडून घिऊ का?