उभ्या गाडीचे शंभर घंटे

(पांडेसऱ्यातल्या कापडगिरणीजवळच्या चाळीतली खोली. दुपार.)

रामदास: खोटं बोलू नको. अजून मिलीचा भोंगा व्हायचाय, मंजे तीन बी वाजले नाईत. बुधवारी भर दुपारी कोन्या डायवरला सुट्टी देतो रं तुझा शेठ?

प्रमोद: सुट्टी नाही आबा. गाडी शोरूमला सोडली, म्हणून घरी आलो. बस, एवढंच.

रामदास: नवी कोरी गाडी शोरूमला? सहाशे किलोमीटर झाले न झाले तोच?

प्रमोद: चेकिंग असतं.

सुंदरा: आल्या आल्या धरलं का लेकराला? पानी तरी पिऊ द्या.

रामदास: पिऊ दे की. मी बापानं काय त्याचं नरडं धरलंय? डोळे गेले माझे, कान हायेत अजून. जिना चढताना पाय वाजले याचे, जसं काय पाठीवर पोतंय. बोल रं, काय झालं?

प्रमोद: धूर टाकायलीय गाडी.

रामदास: धूर? मंग हे आधी सांगावं की! ये, हितं खाटंवर बस. सुंदरा, चहा टाक. हां, आता सांग मला. काळा, का पांढरा, का निळा?

प्रमोद: आबा, शोरूमवाले बघतायत ना.

रामदास: शोरूमवाले टाय लावतेत. मी तीस वर्सं इंजिनं खोललीत. कुठला रंग?

प्रमोद: निळा.

रामदास: सकाळी चालू करताना, का पळवताना?

प्रमोद: दोन्ही वेळेला. छोटे शेठ शनिवारी दुबईवरून आले. रविवारी डुमसच्या रोडवर गाडी काढली. मागून येणाऱ्यानं हात दाखवून थांबवलं, एवढा धूर.

रामदास: इंजिनातलं तेल?

प्रमोद: दीड लिटर कमी.

रामदास: खाली गळालेलं?

प्रमोद: नाही. पार्किंगची फरशी कोरडी आहे.

रामदास: मंग इंजिनानं पिलं. टर्बो बघितला का त्यांनी? तेल तिथून बी जातंय.

प्रमोद: दोन्ही बघितले. ठीक आहेत.

रामदास: मंग रिंगा! लिहून घे, पिस्टनच्या रिंगा गेल्या. एवढी मोठी गाडी, सहा सिलिंडर, दीड महिना झाला नाई घेऊन. तू महिनाभर तिला हळूहळू वळण लावलंस, अन त्या पोरानं इमानातून उतरल्या उतरल्या बुकलून काढली. नव्या इंजिनाला पहिल्यांदा जपावं लागतंय, लगीन झालेल्या पोरीवानी. हे पैसेवाल्यांना कोन सांगनार?

प्रमोद: हां. तसंच असेल.

रामदास: असंल कशाला, तसंच हाय. मंग तू का तोंड पाडून बसलास? गुन्हा त्याचा.

प्रमोद: तोंड कुठं पाडलं?

रामदास: आवाज पडलाय. कॅमेरा घातला का आत? आजकाल वायरीचा कॅमेरा घालतेत म्हनं, इंजिन न खोलता.

प्रमोद: घातला.

रामदास: तुला दाखवलं?

प्रमोद: सगळ्यांना दाखवलं, मोठ्या टीव्हीवर. शेठ होते, दोन साहेब होते, धुणारी पोरं पण येऊन बघून गेली.

रामदास: मंग सांग. सिलिंडरला आतून उभे ओरखडे व्हते?

प्रमोद: नव्हते.

रामदास: एक बी नाई?

प्रमोद: एक पण नाही.

रामदास: असं कसं? बुकलल्यावर ओरखडे पडतेतच. बरं, त्या बारीक तिरप्या रेघा? नव्या सिलिंडरला आतून जाळीवानी रेघा मारलेल्या असतेत, तेल धरून ठेवायला. त्या तरी दिसल्या का?

प्रमोद: आबा, संध्याकाळी बोलू ना. डोकं दुखतंय माझं.

रामदास: रेघा दिसल्या का, नाई?

प्रमोद: नाही. आतून आरशासारखं होतं. चकाचक.

रामदास: सगळ्या सहांत?

प्रमोद: सगळ्या सहांत.

सुंदरा: घ्या चहा. दोघंबी घ्या.

रामदास: ठेव तिथं. परमोद, पळवून असं होत नाई रं.

प्रमोद: नवीन इंजिन आहे आबा, त्याचं वेगळं असतं. तुमच्या टायमाचं नाही ते.

रामदास: लोखंडाला टायम नसतोय. हे मी पाह्यलंय. पुराच्या साली. मिल पानी भरून बंद पडली व्हती, सगळी मशिनं बंद. पर हापिसातल्या दोन बल्बांसाठी नवा जनरेटर रातदिस चालू ठेवला व्हता वॉचमननी. वीस-बावीस दिस. नंतर मिल चालू झाली तर निळा धूर, अन तेल पिऊ लागला. मी खोलला. आत हेच. आरसा. मोठे शेठ, या छोट्याचे वडील, शेजारी उभे व्हते, त्यांना मीच म्हनलो, शेठ, इंजिनाला काम नसलं की रिंगा सिलिंडरला नीट दबत नाईत, नुसत्या घासून घासून त्याला गुळगुळीत करतेत. बिनकामाचं चालवू नका कधी.

प्रमोद: ते डिझेल होतं.

रामदास: कॉम्प्युटरनी घंटे सांगितले का?

प्रमोद: चहा गार होतोय तुमचा.

रामदास: किती घंटे चाललं म्हनला इंजिन?

प्रमोद: एकशे चार.

रामदास: अन किलोमीटर सहाशे.

प्रमोद: सहाशे बारा.

रामदास: मंजे नव्वद-एक घंटे गाडी नुसती उभी. चालू, अन उभी.

सुंदरा: आता! तुम्हीच तर त्याला...

प्रमोद: माय, तू गप बस.

सुंदरा: का गप बसू? रोज सकाळी या खाटंवर बसून सांगत नव्हते का? किलोमीटर काय चाटायचेत, इंजिनाला घंटे लागतेत, उभीच चालू ठेव. चार-चार घंटे. बाई, मला काय कळतंय त्यातलं, पर कान तर मला बी हायेत.

प्रमोद: माय!

रामदास: बोलू दे तिला. खरं बोलायली ती. मी जनरेटरवाला मानूस. जनरेटरला कुठं किलोमीटर असतेत? नवा आला की शंभर घंटे मोजायचे अन म्हनायचं, बसला आता, रुळला. पर तिथं सगळी मिल त्याच्या डोक्यावर असायची रं. कापड रंगवायची जेट मशिनं, पंप, पंखे, सगळं. पार्किंगातल्या उभ्या गाडीच्या डोक्यावर काय व्हतं? लोड कुठं व्हता?

प्रमोद: मला पण सुचायला पाहिजे होतं. मी काय लहान आहे? आठ वर्षं ड्रायव्हिंग करतोय.

रामदास: तुला सुचलं व्हतं. तू म्हनला व्हतास मला, पुस्तकात लिवलंय, फार वेळ उभी चालू ठेवू नका. मी काय म्हनलो?

प्रमोद: आठवत नाही.

रामदास: आठवतंय तुला. म्हनलो, पुस्तक लिवनाऱ्याचे हात कधी काळे झालेत का? हासलो वर.

प्रमोद: जाऊ द्या ना आता.

रामदास: तू रोज कडोदऱ्याला जाऊन येतो म्हनत व्हतास. हायवेला थोडी जोरात, थोडी हळू. तेच बरोबर व्हतं. मी भ्यालो. म्हनलं कोन्या ट्रकानं घासली तर माझ्या लेकाचा जल्म जाईल. उभ्या गाडीला कोन घासतंय? अन अजून एक हाय.

प्रमोद: काय?

रामदास: तू फोन बोनेटवर ठेवायचास ना, मला ऐकवायला.

प्रमोद: तुम्हीच म्हणायचे, आवाजावरून कळतं म्हणून.

रामदास: चौथ्या दिवसापासून काई कळायचं नव्हतं त्याच्यात. आवाज एकदम साफ व्हता. तू म्हनायचास, आबा बंद करू? मी म्हनायचो, अर्धा घंटा अजून राहू दे. ते इंजिनासाठी नव्हतं रं. मला ऐकायचं व्हतं. मिल सुटून दोन वर्सं झाली, या खोलीत पंख्याशिवाय कशाचा आवाज नाई. ते सहा सिलिंडर एका लयीत चालायचे, अन मला वाटायचं मी मिलीतच उभा हाय, हात पुसत. माझ्या हौसेपायी तुझी गाडी घालवली मी.

सुंदरा: असं नका बोलू. जानूनबुजून केलं का?

रामदास: चौथ्या दिवसापासून जानूनबुजूनच केलं, सुंदरा. कामावरून काढलं ना रं तुला?

प्रमोद: हो.

सुंदरा: काढलं? अरे देवा. मला तर म्हनलास, गाडी शोरूमला सोडली.

प्रमोद: सोडलीच ना. चावी घेतली त्यांनी, म्हणाले उद्यापासून येऊ नको. कंपनी म्हणते आमची जबाबदारी नाही, गाडी चुकीची वापरली. सगळं इंजिन बदलावं लागणार. टीव्हीवरच्या त्या सिलिंडरचा फोटो ड्रायव्हरांच्या ग्रुपमध्ये फिरतोय. आता चांगली गाडी कोणी हातात देणार नाही मला. इच्छापोरला लोडिंगचं काम आहे कॉन्ट्रॅक्टमध्ये, तिथं विचारतो.

सुंदरा: हमाली? एवढं शिकून हमाली?

प्रमोद: मग काय करू माय? खरं सांगू? वाईट त्याचं नाही वाटत. एवढी गाडी महिनाभर माझ्या हातात होती. एकदा पण ऐंशीच्या वर नेली नाही मी. म्हटलं इंजिन बसू दे, मग शेठ स्वतः म्हणतील एक दिवस, प्रमोद, चल चलाव, पळव आता. वाट बघत बसलो.

रामदास: त्यांना सांगितलंस का, मला बापानं सांगितलं म्हनून?

प्रमोद: नाही.

रामदास: मंग?

प्रमोद: म्हटलं, माझ्याच डोक्यानं केलं. विचारलं त्यांनी, कोणी सांगितलं असं करायला? म्हटलं कोणी नाही.

रामदास: का?

प्रमोद: तुमचं नाव आहे तिथं. मोठ्या शेठनी तुमच्या नावावर मला ठेवलं होतं. ते गेले तरी नाव आहेच ना. माझी नोकरी जाणारच होती, तुमचं नाव कशाला घालवू? बस.

रामदास: फोन लाव.

प्रमोद: कोणाला?

रामदास: छोट्या शेठला. मी सांगतो त्यांना, पोराचा काई गुन्हा नाई. रामदास मिस्त्रीची चूक झाली म्हनतो. ते पोरगं लहान असताना मी त्याला जनरेटरच्या खोलीतून उचलून बाहेर आनलंय. ऐकंल माझं.

प्रमोद: काही फायदा नाही आबा. जाऊ द्या.

रामदास: लाव, नाईतर भिंतीला धरून चालत जाईन मिलीवर. सुंदरा, काठी दे माझी.

प्रमोद: थांबा, थांबा. माझ्या फोनवरून नाही उचलणार. माय, तुझा दे गं. घ्या, वाजतोय. गुजरातीतच बोला. स्पीकर करू?

रामदास: नको. कानाला लाव. हालो? शेठ, नमस्ते. हुं रामदास... रामदास मिस्त्री. मिलमां हतो ने, जनरेटरवाळो... तमारा पप्पाना टाइममां... ना शेठ, राँग नंबर नथी. पांडेसरानी मिल, तीस वरस... रामदास, रामदास... प्रमोदनो बाप... हा, ड्रायव्हर प्रमोद. हा. शेठ, एनी भूल नथी, में कह्युं हतुं एने, में... हालो? शेठ? हालो?

सुंदरा: काय झालं?

रामदास: कामात व्हते. मागनं बोलतो म्हनले.

सुंदरा: ओळखलं का पर तुम्हाला?

रामदास: ओळखलं की. का नाई ओळखनार? म्हनले, तब्येतीला जपा.

सुंदरा: बघ रं परमोद. इसरले नाईत अजून.

प्रमोद: हो माय. सगळे ओळखतात तिथं आबांना.