पेवातला सिनेमा

(अणदूर, १९४८. रझाकारांची लॉरी वेशीत आली म्हणून शिवकांता आणि तिचा थोरला भाऊ वीरप्पा अंगणातल्या धान्याच्या रिकाम्या पेवात उतरले आहेत. तोंडावर फळ्या टाकून तिची सासू इरम्मा शेजारीच जात्यावर दळत बसली आहे. शिवकांताचा नवरा शरणप्पा हद्दीपल्याड, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेलेला आहे.)

शिवकांता : मग? दार उघडलं त्या सिनेमातल्या बाईनं?

वीरप्पा : हळू बोल. न्हाय उघडलं. नुसती कडी हालती. भाईर कोन हाय, दिसतच न्हाय. सोलापूरचं थेटर, पर माणसं पाय वर घिऊन बसली व्हती.

शिवकांता : मला धाप लागतीया, अण्णा. बोलत ऱ्हा.

वीरप्पा : आदल्या हप्त्यात एक बघितला, त्यात हडळ. निव्वळ बकवास! तोंडाला पीठ फासलेलं, उडती तवा कमरंची दोरी दिसती. रगत तर डांबरावानी काळं. पोरं हसून बेजार.

शिवकांता : म्हंजी कडीवाला चांगला?

वीरप्पा : लई चांगला. भूत दावलंच न्हाय त्यानं. डोळ्यानं दिसलं की अर्धं भ्या तिथंच सरतं.

शिवकांता : अण्णा... जातं थांबलं.

वीरप्पा : चूप.

शिवकांता : बुटं हायत. माती पडतीया डोईवर.

वीरप्पा : पदर धर तोंडात.

शिवकांता : आत्याबाई ओवी म्हनायल्यात. एवढ्या मोठ्यानं?

वीरप्पा : म्हनू दे. हालू नगंस... लॉरी सुरू झाली. गेले जनू.

इरम्मा : या वर. सावकाश, शिवकांता. बस हितं.

शिवकांता : तुमाला काय केलं तर न्हाय ना?

इरम्मा : जवारी नेली. एकजण हितंच टेकला व्हता. तुमची कुजबूज वर येत व्हती, वीरप्पा. त्यानं इचारलं, "बुड्ढी, किससे बातां करती?"

शिवकांता : आगं बया! मग?

इरम्मा : म्हनलं, मेलेल्या लेकाशी. उठून गेला त्यो.

शिवकांता : आसं अभद्र कशापायी बोललात? ते हद्दीपल्याड कॅम्पात सुखरूप हायत. अण्णा भेटूनच आलाय. व्हय की न्हाय, अण्णा?

इरम्मा : सांग तिला. सकाळी मला सांगितलंस तसं.

वीरप्पा : शिवे... परवा नाक्यावर गोळी लागली शरणप्पाला. पानी मागितलं, पर पितापिताच गेला.

शिवकांता : आन तू मला सिनेमा सांगत व्हतास?

इरम्मा : त्याला बोल लावू नगंस, पोरी. म्याच म्हनलं, दिवेलागनीपतूर थांब. तेवढा येळ तरी ऱ्हाऊ दे तिचं कुंकू.