चहा आला, पण आणला कुणी?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या संस्थेचे चेअरमन माननीय जयसिंगदादा, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्राध्यापक गुरुप्रसाद सर, त्यांच्या पत्नी विमलाताई, आणि मागून रश्श्याचा वास आल्यापासून चुळबूळ करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी मधुवंती. आधी सरांची विद्यार्थिनी, आता मराठी विभागातली सहकारी. उतारा बारकाईनं कसा वाचायचा, हे सरांनी शिकवलं. तेही कुणाचा उतारा? स्वतःचाच! कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलेला सरांचा ललित लेख दर वर्षी वर्गात यायचाच. आज निरोपाची भेट म्हणून तोच वाचते, अगदी सरांच्या पद्धतीनं. छोटा आहे. दादा, घड्याळ बघू नका.

“संध्याकाळी मी खिडकीत लिहीत बसलो होतो. चहा आला. विमला क्षणभर दारात थांबली. तिला काही सांगायचे नव्हते. मौन हीच आमच्या संसाराची भाषा.”

वा! टाळ्या वाजवा की! आम्ही पोरींनी यावर पानंच्या पानं भरलीत.

आता बघू. ‘चहा आला.’ आला म्हणजे? त्याला काय पाय फुटले होते? बरं, चहा दिल्यावर बाई दारात का थांबली? आणि तिला काही सांगायचं नव्हतं, हे सरांना कुणी सांगितलं? दुसऱ्या लेखकानं असं ठोकून दिलं असतं, तर सरांनी लाल शाईनं ‘आधार काय?’ म्हणून विचारलं असतं.

म्हणून मी आधार शोधायला काल सरांच्या घरी गेले. सर आरशापुढं फेटा बांधून बघत होते. विमलाताईंना स्वयंपाकघरात गाठलं. त्या म्हणाल्या, “अगं, सांगायचं होतं की! वारणानगरच्या शाळेत मला नोकरी लागली होती. तोंड उघडलं, तर ह्यांनी हात वर केला. म्हणाले, थांब, ओळ जाईल. लेख आठवडाभर चालला, तोवर तो हात काय खाली आला न्हाय. हजर व्हायची तारीख गेली.”

ओळ राहिली, मंडळी. नोकरी गेली. मला तर रागानं रडूच आलं. विचारलं, हे उद्या सभेत सांगू? म्हणाल्या, “सांग की! भितीस व्हय?”

पत्रिकेवर ‘सपत्नीक सत्कार’ छापलंय. सपत्नीक म्हणजे पत्नीला साडी, नारळ आणि खुर्ची. माइक नाही, ही आपली रीत. मघाशी सर म्हणाले, “आता फक्त लेखन. विमलाची साथ आहेच.” तेव्हा विमलाताई काहीतरी बोलायला खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. सरांनी हात वर केला. तुम्हाला वाटलं, सभेला नमस्कार केला.

सर, तुम्ही वाचायला शिकवलंत, त्याचे आभार मनापासून मानते. त्यात खोट नाही. पण विमलाताईंच्या वतीनं मी इतकं बोलले, हाही आगाऊपणाच झाला. तेवढा सगळ्यांनी पोटात घाला. माझी उरलेली मिनिटं त्यांची.

या ताई, माइक चालू आहे. आणि सर, तो हात खाली घ्या.