न आलेला बिबट्या

रामकृष्ण हरी, मंडळी! टाळ जरा खाली ठेवा. आणि मागं खांबाला टेकलेले — हो, तुम्हीच — डोळे तेवढे उघडे ठेवा. आख्यान सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारतो. माणूस पडला, तर त्याला जास्त लागतं कशानं? पडण्यानं, की पडलो हे लपवण्यानं?

लगेच उत्तर देऊ नका. पुढच्या रांगेतल्या काकांनी गुडघ्याला हात लावला. काका, तुमचा तो वयानं दुखतोय! मी निराळ्या दुखण्याबद्दल बोलतोय. त्यावर दोन ओळी बांधल्यात. संतांच्या नाहीत बरं, माझ्याच आहेत, तेव्हा चूक निघाली तर माझ्या माथी —

पडे आणि उठे, त्याचा मार्ग सरे ।
पडोनिया लपे, त्याचे पडणे उरे ॥

आता ऐका. नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात आंबेवस्ती नावाचं एक गाव. तिथं गेनभाऊ डुंबरे नावाचा गृहस्थ पिठाची गिरणी चालवायचा. चांगला माणूस. वजनात खोट नाही, दळणात कचकच नाही. दोष एकच — आपल्याला एखादी गोष्ट येत नाही, हे शब्द त्याच्या तोंडातून कधी बाहेर पडले नव्हते. आता हा दोष फक्त गेनभाऊचाच होता असं मी म्हणत नाही. मी फक्त मंडपाकडं बघतोय!

तर या गेनभाऊनं मोटारसायकल घेतली. नवी, म्हणजे त्याला नवी. गाडी होती त्याच्या मेहुण्याची, संपतची. संपतनं पाच वर्षं वापरून, धुऊनपुसून दाजींच्या दारात आणून लावली. गेनभाऊच्या बायकोनं, हिराबाईनं, हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळं यथासांग झालं. मग संपत हळूच म्हणाला, "दाजी, हिचा पहिला गिअर खाली दाबायचा आन् बाकीचे पायानं वर उचलायचे. तुम्ही तरुणपणी चालवलेल्या गाडीचे समदे पुढं दाबायचे व्हते. चार दिस सपाटीला फिरवा, मग रस्त्यावर काढा."

साधी गोष्ट होती. पण ऐकायला चार माणसं उभी होती ना! एकटा असता तर गेनभाऊनं ऐकलंही असतं. तो म्हणाला, "अरे, चालत्या गिरणीचा पट्टा बदलणारा माणूस मी. मला काय गिअर शिकवतो?"

मंडळी, देवानं माणसाला दोन कान दिले, पण चारचौघांत दोन्ही कान बंद का होतात, हे कुठल्या पोथीत सापडलं तर मला कळवा.

निघाला गेनभाऊ. हार गाडीवर डुलतोय, लोक बघतायत. लोकांच्या डोळ्यांदेखत आठवून आठवून दोन गिअर पायानं वर उचलले, कालव्याच्या पुलापर्यंत सगळं झकास. पुलापलीकडं उतार, उतारावर खडी, दोन्ही अंगाला माणसापेक्षा उंच ऊस. गाडीनं वेग घेतला. गेनभाऊला वाटलं, आता वरचा गिअर टाकावा. आणि पायानं काय केलं? तरुणपणी शिकला होता तेच — पुढं दाबला! एकदा दाबला, गाडी कण्हली. परत दाबला, गाडी किंचाळली. मागचं चाक जाम झालं, खडीवर घसरलं, आणि गेनभाऊ गाडीसकट बांधावरच्या दगडावर जाऊन आदळला. दिवा फुटला, हँडल वाकलं, कोपर सोलून निघालं. हार तेवढा शाबूत राहिला.

आता मला सांगा, पडल्यावर माणूस पहिल्यांदा काय बघतो? हाड मोडलं का ते? रक्त आलं का ते? छे! आधी आजूबाजूला बघतो — कुणी पाहिलं तर नाही? गेनभाऊनंही तेच केलं. कुणी नव्हतं. त्याला एवढं हायसं वाटलं की कोपराची आग थोडा वेळ थांबलीच.

तेवढ्यात सरपंच तात्या आले. मागोमाग शेतातली आणखी दोनचार माणसं. तात्या मायेचा माणूस. त्यांनी गेनभाऊला बसता केला, पाणी पाजलं आणि विचारलं, काय आडवं आलं होतं का?

बघा हं, मंडळी. गेनभाऊ अजून खोटं बोललेला नाही. तो नुसतं म्हणाला, "हां."

"कुत्रं का?"

आता कुत्र्यामुळं पडायचं म्हणजे काय अब्रू राहिली? गेनभाऊ म्हणाला, कुत्र्यापेक्षा मोठं होतं. तात्यांनी उसाकडं पाहिलं. आवाज बारीक केला. पिवळं होतं का? गेनभाऊनं मान हलवली. अंगावर ठिपके? गेनभाऊनं पुन्हा मान हलवली. झालं! बिबट्या हा शब्द तात्यांनीच उच्चारला. गेनभाऊनं नुसती मान हलवली. कित्येक खोट्या गोष्टी अशाच जन्माला येतात बघा. बोलणारा वेगळाच असतो, आपण फक्त हुंकार देतो.

आणि त्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या काही नवलाचा नाही. पलीकडच्या गावांत आलेला होता, वासरं नेलेली होती. म्हणून तर कुणी शंका घेतली नाही. त्यातून गेनभाऊची गिरणी! अख्ख्या गावाचं दळण तिथं, अख्ख्या गावाचं बोलणं तिथं. गिरणीत धान्य जाडं जातं आणि बारीक होऊन येतं. गोष्टीचं उलटं असतं — बारीक जाते आणि जाडी होऊन येते. सकाळी बिबट्या आडवा गेला होता. दुपारी त्यानं झेप घेतली. संध्याकाळपर्यंत ती मादी झाली आणि तिच्याबरोबर दोन बछडे आले! गेनभाऊचं सोललेलं कोपर बघून बायका म्हणायला लागल्या, ही नखंच की हो.

एकाच माणसानं निराळा प्रश्न विचारला. संपत दुरुस्तीसाठी गाडी न्यायला आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "दाजी, गाडी पहिल्या गिअरमध्ये कशी सापडली?"

"बिबट्या समोर असताना गिअर कोण बघतो?" गेनभाऊ म्हणाला.

संपतनं गाडी दुरुस्तीला नेली. बहिणीचं घर होतं.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. हसून घ्या. पुढं तसं नाही.

गेनभाऊची मुलगी मयूरी दहावीत होती. वस्तीवरच्या आणखी पाच मुलींबरोबर सायकलनं हायस्कुलात जायची, त्याच कालव्याच्या रस्त्यानं. बिबट्याची बातमी झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सहाच्या सहा सायकली भिंतीला लागल्या. मुलगे मात्र जात होते बरं का. बिबट्या काय वर्गाचा हजेरीपट बघून खातो? पण मुलींना घरी ठेवायला कारण फारसं मोठं लागत नाही. इथं तर आयतंच मिळालं. त्यांतल्या दीपालीचा बाप गिरणीत येऊन म्हणाला, बरंच झालं, तसं तिला लिहायवाचायला येतंय, आता शेतात हात लागेल. गेनभाऊ दळणाकडं बघत राहिला. पीठ खाली सांडत होतं, त्याचं लक्ष नव्हतं.

घरी मयूरीनं विचारलं, "अण्णा, बिबट्या परत कुणाला दिसला का?"

"न्हाय दिसला."

"मग गेला असंल ना तो?"

केवढी मोठी सुटका होती! गेनभाऊ चटकन म्हणाला, गेला असणार. तर चुलीपुढून हिराबाई म्हणाली, गेला असणार म्हणता, आणि नसला गेला तर? तुमच्यासारखा गडी पडला, पोरगी काय करंल? मयूरीनं वह्या उचलल्या आणि आत गेली. गणिताची सराव परीक्षा तोंडावर होती. त्या रात्री गेनभाऊला जेवण गेलं नाही.

त्याची पंचाईत लक्षात घ्या. आलेला बिबट्या हाकलता येतो. ढोल वाजवा, फटाके लावा, जातो बिचारा. पण न आलेला बिबट्या कसा हाकलायचा?

गाडी दुरुस्त होऊन आली. नवा दिवा, सरळ हँडल. गेनभाऊनं तिच्यावर ताडपत्री टाकली. लोकांना वाटलं, बिबट्याची धास्ती. त्याला धास्ती होती ती स्वतःच्याच उजळणी न झालेल्या पायाची! पण ते सांगणार कोणाला?

इकडं तात्यांनी वनखात्याकडं खेटे घातले. वनरक्षक आला, रस्ता पाहिला, ऊस पाहिला आणि म्हणाला, ठसे कुठंच दिसत नाहीत. तात्या हटेनात. आमचा माणूस रक्तबंबाळ झाला म्हणाले. शेवटी पुलापाशी पिंजरा लागला. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात शेळी बांधावी लागते, मध्ये जाळी असते. शेळी कोणाची? तात्यांनी भर सभेत सांगितलं, ज्यानं बिबट्या पाहिला, शेळीचा मान त्याचा! आणि हिराबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली चंपी पिंजऱ्यात गेली. हिराबाई रडली नाही. ती नवऱ्याशी बोलायची थांबली.

चंपीचं ओरडणं घरापर्यंत ऐकू यायचं. एका पहाटे ते थांबलं. हिराबाई अंथरुणात उठून बसली आणि भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाली, "चंपीचा आवाज बंद झाला."

गेनभाऊ उठला. हिरवा पाला घेतला आणि निघाला. मंडळी, अख्ख्या गावात त्या रस्त्यानं निर्धास्त जाऊ शकणारा एकच माणूस होता, आणि तो का निर्धास्त होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुलापाशी बघतो तर चंपी जिवंत होती, पण दावं मानेला गुंडाळलेलं, जीभ बाहेर. मागच्या दाराला वनरक्षकाचं कुलूप. गेनभाऊ पुढच्या दारानं आत शिरला, मधल्या जाळीतून हात घातला, दावं सैल केलं. चंपीनं श्वास घेतला, पाल्याला तोंड लावलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो मागं सरला — आणि पाय पडला बरोबर त्या पत्र्यावर, जो बिबट्यासाठी मांडून ठेवला होता.

धाडकन दार पडलं!

तो आवाज वस्तीभर गेला. "सापडला, सापडला" करत गाव धावलं. काठ्या, कोयते, कुणाच्या हातात परात. वनरक्षक फटफटीवरून आला. आणि सगळ्यांच्या मागून काय आलं? सहा सायकली! बिबट्या सापडला म्हणजे शाळा सुटली नाही, शाळा लागली! पोरींनी गणवेश चढवले होते, वेण्या घातल्या होत्या, दप्तरं पाठीला लावली होती. बिबट्या बघायचा आणि तसंच हायस्कुलाला जायचं.

लोकांनी वाकून पाहिलं. आत गेनभाऊ बसलेला. हातात पाला.

मग तात्या, तेच मायेचे तात्या, पुढं झाले आणि गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "याला म्हणतात छाती! बिबट्याची भीती असताना मुक्या जिवासाठी एकटा गेला आमचा गेनभाऊ."

ऐकलंत? पहिल्या वेळेस जसं आयतं हाती दिलं होतं, तसंच परत दिलं! आता नुसती मान हलवायची. एकदा. दार उघडलं की हार गळ्यात पडणार, कदाचित सत्कार. गेनभाऊची मान हलणारही होती. पण त्याला गजांतून दिसलं — दीपालीनं सायकल घराकडं वळवली. बिबट्या सापडला नव्हता ना.

"दीपाली, थांब गं," गेनभाऊ म्हणाला. "बिबट्या नव्हता. कधीच नव्हता. माझा गिअर चुकला."

मंडळी, जन्मात पहिल्यांदा ते शब्द बाहेर पडले, तेही गजाआडून.

मग काय झालं? आधी कुणीतरी खुदकन हसलं. मग गाव हसलं. दीपालीचा बाप हसला नाही, त्यानं शिवी दिली. तात्या कपाळाला हात लावून बसले. दार अडकलं होतं, उचलायला चौघं लागले आणि त्यांना हसू आवरेना, म्हणून गेनभाऊ बराच वेळ आतच राहिला. लोकांची सकाळची कामं खोळंबली होती, त्याचंही त्याला ऐकून घ्यावं लागलं. हिराबाई पिंजऱ्याजवळ आली. त्याला वाटलं, आता काही बोलेल. ती मागं गेली आणि वनरक्षकाकडून आधी शेळी सोडवून घेतली. बरोबरच केलं!

आणि मयूरी? तिनं बापाकडं एकदा पाहिलं. रागानं पाहिलं, खोटं कशाला सांगू. मग दीपालीच्या सायकलचं हँडल धरून तिला रस्त्याकडं वळवलं, आणि सहा जणी उतारावरून, त्याच खडीवरून, सांभाळून निघून गेल्या.

गावानं गेनभाऊला बिबट्या हेच नाव ठेवलं. अजून दळण घेऊन पोर आलं की आई सांगते, जा बिबट्याकडून दळून आण. तो ऐकून घेतो. पुढं महिनाभर संपतनं त्याला गावच्या मैदानात गिअर शिकवले — खाली एक, वर बाकीचे — आणि बघायला रोज पाचपन्नास माणसं जमायची. या वेळी मात्र गेनभाऊचे दोन्ही कान उघडे होते.

तर काका, गुडघा राहू द्या. आता उत्तर सांगा. गेनभाऊचं कोपर आठवड्यात भरलं. पडण्यानं लागलं ते तेवढंच. बाकीचं सगळं दुसऱ्या कुणाला लागलं. शेळीला लागलं, पोरींना लागलं.

आता आपलं बोलू. इथं बसलेल्यांत एकाच्याही घरी बिबट्या नाही? असं कसं म्हणता! कुणाचा धंदा पडला, तो भागीदारानं बुडवला असं सांगितलं. कुणाचं पोरगं नापास झालं, ते पेपर तपासणाऱ्यावर गेलं. कुणी नुसती मान हलवली. घरी जाताना शोधू नका की बिबट्या कुठं आहे. तो नाहीच, तुम्हाला ठाऊक आहे. एवढंच बघा की त्या नसलेल्या जनावरापायी कुणाची सायकल भिंतीला लागून उभी आहे. आणि ती दिसली, तर सकाळ व्हायच्या आत दोन शब्द बोलून टाका. तुमच्यासाठी कुणी पिंजरा लावायची वाट बघू नका.

उचला टाळ. आणि पांडुरंगाचं नाव घेताना आज नुसती मान हलवू नका, तोंडानं म्हणा — रामकृष्ण हरी!