वाढलेली रोजी

फुलीबाईच्या धाकटीचं लग्न झालं, त्या १९३८ साली कापूस वेचणीची रोजी वाढली. तापीकाठच्या प्रकाशा गावी नावेची वाट पाहत बसलेल्या फुलीबाईला थोडं पलीकडे शेताचे मालक हुकमीचंद शेठ आणि मुकादम दलसिंग बोलताना ऐकू आले.

"रोजी वाढनी, दलसिंग. आते निम्म्याच बाया आन. म्हातारी फुलीबाई नको. तिना हात चालतस नही."

"ती गास, म्हणीसन बाकीस्ना हात चालतस, शेठ."

"गाणानी रोजी मी देऊ?"

"नका देऊ. मग ती तुम्हनावर गाई."

"मन्हावर काय गाई?"

"दुपारी ताक देतस ना, त्यामा पानीच जास्त शे. खापरना बाजारमा गाई."

"...बरं, आन तिले. पन बाकीन्या निम्म्या नको."

"त्या बी तिनाकडथून गाणं शिकी ऱ्हायन्यात, शेठ."

फुलीबाई पदराआड हसली.

१९४१ च्या पौषात, वेचणी चालू असताना फुलीबाई वारली. त्या दिवसाची तिची रोजी शेठनं तिच्या घरच्यांना पूर्ण दिली.